मशीन फिरलं की आमचं जोतं दिसायचं

कोयनेचं पाणी चढलं तेव्हा मी पाचेक वर्षांचा होतो. कांदाटी खोऱ्यातली आमची वाडी त्यात गेली. काही घरांना सोलापूर जिल्ह्यात जमिनी मिळाल्या, ती तिकडे गेली. आमच्यासारखी काही डोंगराच्या अंगाने नुसती वर सरकली. पुढे आयटीआय करून मी विद्युत मंडळात हेल्पर म्हणून लागलो. पाच वर्षं उपकेंद्रांवर काढली, आठ वर्षं विदर्भातल्या एका मोठ्या औष्णिक केंद्रात आणि शेवटची तेवीस वर्षं पोफळीला, कोयनेच्या वीजघरात, म्हणजे आमची वाडी ज्या पाण्याखाली आहे त्याच पाण्यावर. २०१५ साली ऑपरेटर म्हणून निवृत्त झालो.

लोक अजून विचारतात, वीज कधी स्वस्त होणार? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. छत्तीस वर्षांत जे कळलं ते मात्र सांगतो.

१. युनिटाची किंमत घड्याळ ठरवतं.

वीज मोठ्या प्रमाणात साठवता येत नाही हे आयटीआयच्या पुस्तकात होतं. त्याचा अर्थ पोफळीला दुसऱ्या पाळीत कळला. संध्याकाळी सहाच्या सुमाराला राज्यभर दिवे लागतात, पंखे फिरतात, आणि वारंवारतेचा काटा पन्नास हर्ट्झच्या खाली झुकायला लागतो. की कळव्याहून भार प्रेषण केंद्राचा फोन येणारच. पलीकडचा आवाज कधी नमस्कार-चमत्कार करायचा नाही, एवढंच म्हणायचा, "पोफळी, दोन नंबर घ्या." आम्ही नोझल उघडायचो, साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवरून आलेलं पाणी पेल्टन चाकावर आदळायचं, आणि काही मिनिटांत मशीन लोडवर. हेच थंड पडलेला कोळशाचा संच पेटवून आणायचा तर तासन् तास जातात. म्हणून कोळशाने दिवसभराचा भार वाहायचा आणि पाण्याने संध्याकाळची नड भागवायची, अशी ही जोडी.

या जोडीची दुसरी बाजू फार कोणी सांगत नाही. कोळशाचा संच रात्री बंद करता येत नाही, तो मंद आचेवर का होईना, चालू ठेवावाच लागतो. रात्री दोन वाजता शहरं झोपलेली, मग ती वीज घालायची कुठे? शेतीपंपावर. शेतकऱ्याला रात्रीची वीज मिळते यात खलनायक कोणी नाही. बॉयलरची सोय आहे ती, आणि तिच्यासाठी कोणीतरी जागं राहायचं. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. तिथे नको असलेल्या विजेने पाणी वर चढवतात आणि हवी तेव्हा खाली सोडतात. असे प्रकल्प आधीच हवे तेवढे झाले असते तर सोलापुरातल्या आमच्या तात्यांची झोप वाचली असती. तात्यांवर पुढे येतोच.

२. एका टीएमसीचे दोन मालक असतात.

कोयनेत सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं. त्यातलं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीच वीज करण्यासाठी पश्चिमेकडे सोडायचं, असं कृष्णा पाणीवाटप लवादाने बांधून दिलंय. पोफळीत पाण्याचं वर्ष एक जूनला सुरू होतं. एप्रिल-मे आला की 'कोटा किती उरला' हा चहाच्या टपरीवरचाही विषय असायचा.

एका टीएमसीतून साधारण चार कोटी युनिट निघतात. पण ते पाणी सह्याद्री ओलांडून खाली पडलं की वाशिष्ठीत जातं आणि तिथून समुद्रात. कृष्णेला ते परत मिळत नाही. तेच पाणी पूर्वेला सोडलं तर सांगलीकडे ऊस उभा राहतो, दुष्काळी तालुक्यांत प्यायला मिळतं. दुष्काळाच्या वर्षी तिकडून हाक यायची, वीज थांबवा, पाणी खाली सोडा. कळव्याचा फोन म्हणायचा, मशीन घ्या. दोघेही आपापल्या जागी बरोबर. मधे आम्ही, हातात लॉगबुक घेऊन.

आणि माझं स्वतःचं एक गुपित होतं. उन्हाळ्यात कोयनेचा जलाशय, शिवसागर, ओसरला की वरच्या अंगाची जुनी गावं उघडी पडायला लागतात. गाळाची चिखलट जमीन, ताली, विहिरीची कडं. लोक तिथे गाळपेर करतात. आमच्या घराचं जोतं मे महिन्यात वर यायचं, चार दगडी थर आणि उंबऱ्याची जागा. आई लाँचने जाऊन तिथे हळदकुंकू वाहून यायची. पोफळीला बदली झाली त्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या डोक्यात आलं की आपण जेवढं मशीन चालवतो तेवढं आपलं जोतं लवकर दिसतं. रात्रपाळीत आठही मशीन फुल लोडवर घुमत असली की मी मनातल्या मनात जोत्याचे थर मोजायचो. हे मी कोणाला बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

१३ मार्च १९९९ ला शिवसागराच्या तळाला खालून बोगद्याकडून सुरुंग लावून पाणी आत घेतलं. लेक टॅपिंग म्हणतात त्याला, आशियातलं पहिलं असं तेव्हा सांगायचे. चौथ्या टप्प्याच्या एक हजार मेगावॅटसाठी ते केलं. सगळी यंत्रणा श्वास रोखून होती, मीही होतो. सुरुंग बरोबर बसला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होतो. संध्याकाळी घरी गेल्यावर आईने विचारलं, "आपल्या देवळाला काय झालं न्हाई न्हवं?"

३. अंधार सगळ्यांना सारखा दिसत नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी दहा वर्षांचा. घराची मागची भिंत पडली, बैल दावं तोडून पळाला, आणि उजाडेपर्यंत आम्ही अंगणात कांबळी पांघरून बसलो. दीडशेहून जास्त माणसं गेली. पोफळीची मशीनं बंद पडली आणि लांब मुंबईत वीज गेली, गिरण्या-कारखाने थांबले. हे मला शाळेत गुरुजींनी पेपर वाचून दाखवला तेव्हा कळलं. आम्हाला नवल वाटलं. आमच्याकडे दिवेच नव्हते, त्यामुळे गेले ते आम्हाला कुठून कळणार?

आमच्या वरच्या वाडीत खांब आले ते १९८९ साली. पोफळीचं पहिलं मशीन फिरलं १९६२ ला. मधली सत्तावीस वर्षं आई कंदिलाची काच राखेने घासायची आणि म्हणायची, "पानी आमचं, लाईट मुंबयची, आन् काच घासायची मी." मी तेव्हा विदर्भात त्याच मंडळाच्या पगारावर फ्रिज घेतला होता.

४. कोळशाच्या केंद्राची खरी वही दोरीवर वाळत असते.

हिशेब साधा आहे. एका युनिटाला ढोबळमानाने पाऊण किलो कोळसा. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, राखच. पाचशे मेगावॅटचा एक संच पूर्ण लोडवर चोवीस तास चालला तर आठ-नऊ हजार टन कोळसा खातो आणि तीनेक हजार टन राख टाकतो. एका संचाची एका दिवसाची. ती पाण्यात कालवून पाइपातून राखेच्या बंधाऱ्यावर नेतात. पावसाळ्यात ठीक. एप्रिलमध्ये बंधारा वरून वाळतो आणि वारा सुटतो.

आमच्या कॉलनीतल्या बायकांना वाऱ्याची दिशा हवामान खात्याआधी कळायची. पश्चिमेचा असला तर धुणं बाहेर. फिरला की दोऱ्या घरात. मुलाच्या शाळेचा पांढरा सदरा वाळून यायचा तो उशीच्या जुन्या अभ्र्याच्या रंगाचा. तरी आम्ही कॉलनीतले सुखी जीव. क्वार्टर पक्कं, पाणी गाळलेलं, दवाखान्याचं कार्ड खिशात, दिवाळीला बोनस. केंद्र नव्हतं तेव्हा तिथे आठवड्याचा बाजार भरायचा. केंद्र आल्यावर तीन बँका, दोन टॉकीज, सोनाराची ओळ आणि चार ट्रक-बॉडीवाले आले. रोज गाड्या भरून कोळसा येतो, म्हणजे रेल्वे आली, वजनकाटा आला, टायरवाला आला, खानावळ आली. एका चिमणीभोवती एवढी माणसं जगतात. त्यामुळे 'बंद करा ते केंद्र' असं कोणी मुंबईत बसून म्हटलं की मला आधी तो टायरवाला आठवतो.

पण दुसराही एक जण आठवतो. राखेच्या हॉपरखाली ठेकेदाराकडे काम करायचा, तोंडाला गमछा बांधून. त्यांची जमीन केंद्रात गेलेली. नियम असा की एका कुटुंबाला एकच प्रकल्पग्रस्त दाखला. हे तिघे भाऊ. दाखला थोरल्याच्या नावाने निघाला, त्याला नोकरी लागली, तो माझ्याच कॉलनीत दोन ओळी सोडून राहायला आला. धाकटे दोघे त्याच केंद्रात, त्याच राखेत, ठेक्यावर. थोरल्याच्या पगाराच्या चौथाईत. पोळ्याला तिघे एकत्र यायचे ते बंद झालं. त्या जमिनीचा मोबदला खर्चून झाला होता, त्यातून घेतलेली मोटारसायकल भंगारात गेली होती. भाऊबंदकी तेवढी राहिली. विजेने देशाचं उत्पन्न किती वाढलं ते मोजणारी माणसं आहेत. या घराचा भाव कुठल्या तक्त्यात मांडायचा, मला अजून सुचलेलं नाही.

५. न घेतलेल्या विजेचंही बिल येतं.

पोफळीहून गुहागर लांब नाही. तिथल्या एन्रॉनच्या वीज प्रकल्पाचं वादळ आम्ही जवळून पाहिलं. करार, मग १९९५ ला नव्या सरकारने रद्द, मग पुन्हा वाटाघाटी, १९९९ ला ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू, २००१ च्या मे महिन्यात बंद, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मूळ अमेरिकन कंपनीच दिवाळखोरीत. राजकारणावर पुस्तकं झाली आहेत, त्यात मी भर घालत नाही. आमच्या कामाचा मुद्दा एवढाच की करारात क्षमतेचा आकार असतो. वीज घ्या न घ्या, मशीन तयार उभं आहे त्याचे पैसे द्या. रिक्षा दारात उभी करून ठेवल्यासारखं. त्यात इंधन नाफ्था, आणि बिल डॉलरशी बांधलेलं. वीज कमी उचलली की प्रत्येक युनिटावर तो स्थिर आकार जास्त चढतो, भाव सात रुपयांपुढे जातो, भाव चढला म्हणून आणखी कमी उचलायची. आमची कोयना तेव्हा पैशांत मिळायची.

तिकडच्या एका ओळखीच्या माणसाने प्रकल्पाच्या भरवशावर कर्ज काढून दोन जीप घेतल्या आणि माडीवर सहा भाड्याच्या खोल्या बांधल्या. २००१ नंतर एका खोलीत आंब्याच्या पेट्या असायच्या. उरलेल्या रिकाम्या.

६. विजेने लग्नाचे वारही ठरवले.

हे लहानच आहे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी का, असं तिथल्या तरुण पोरांना विचारा, सांगता येणार नाही. सगळ्यांनी रविवारी बंद आणि सोमवारी चालू केलं तर विजेचा भार सांभाळत नाही, म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना वेगवेगळा वार वाटून दिला. माझा मेहुणा तिथे फिटर होता. त्याच्या पोरांचे वाढदिवस, साखरपुडे, सगळं गुरुवारी. पोरांची शाळा रविवारी बंद. बाप आणि पोरं एकत्र घरी असण्याचा दिवस वर्षातून किती वेळा यायचा, ते त्यालाच विचारा.

७. फुकट विजेला सगळ्यात जास्त दर पडतो.

आता तात्या. माझे चुलते, सोलापूर जिल्ह्यात पुनर्वसनात गेलेले. कोयनाकाठचा भात लावणारा माणूस मुसळधार पाऊस सोडून मुरमाड रानात जाऊन पडला. विहीर खोदली, बोअर मारलं, पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवली. आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास थ्री फेज, उरलेले दिवस रात्री दहा तास. भारनियमन जोरात होतं त्या काळात तेही नाही.

एकदा मी चार दिवस तिकडे होतो. थंडीचे दिवस. रात्री साडेबाराला लाईट आली, तात्या टॉर्च आणि काठी घेऊन निघाले, मीही मागे. दारं धरताना पाय घोट्यापर्यंत गार पाण्यात. दोनला 'खट्' झालं आणि मोटर थांबली. डीपीवर फ्यूज उडाला होता, कारण त्या शंभर केव्हीएच्या डीपीवर नोंदलेल्या मोटरी आणि आकडे टाकलेल्या मोटरी मिळून किती हे देवाला ठाऊक. वायरमनकडे चार गावं, तो सकाळी येणार. तात्यांनी मला विचारलं, "तू येवढा मंडळात, तुला येतंय का टाकायला?" मला येत होतं. पण दुसऱ्याच्या हद्दीतल्या डीपीला, लाईन बंद केल्याची खात्री नसताना, मी हात लावला नसता, आणि लावलाही नाही. तात्यांना ते पटलं नाही. पहाटेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

शेतीची वीज स्वस्त द्यायची, त्याची भरपाई कारखान्यांच्या दरातून आणि सरकारी अनुदानातून करायची, असं हे गाडं वर्षानुवर्षं चाललंय. २००४ ला निवडणुकीआधी शेतीची वीज माफ झाली, वर्षभरात माफी गेली. २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत पुन्हा माफ आहे. माझं मत विचाराल तर तात्यांनी कधी फुकट मागितली नव्हती. त्यांना दिवसा हवी होती, पूर्ण दाबाने हवी होती. कमी दाबाने मोटर जळाली की रिवाइंडिंगला जे पैसे जायचे त्यात वर्षाचं बिल भरून झालं असतं. कारखानदारही दराला कुरकुरतो आणि शेजारच्या राज्याकडे बघतो. मधल्या मधे मंडळ, म्हणजे २००५ नंतरच्या कंपन्या, दोघांच्या शिव्या खातात. एकाच युनिटावर इतक्यांचा राग मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिला नाही.

८. जमीन विकू नका, भाड्याने द्या.

माझा हा एकच ठाम सल्ला, आणि तो मला उशिरा सुचला.

१९२० च्या दशकात मुळशीच्या धरणावरून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तेव्हापासून आपल्याकडे विजेसाठी जमीन द्यायची ती एकदाच आणि कायमची. पैसे एकदा मिळतात, मशीन शंभर वर्षं फिरतं. केंद्राच्या जलविद्युत धोरणात प्रकल्प असलेल्या राज्याला बारा टक्के वीज मोफत द्यायची तरतूद आहे, २००८ च्या धोरणात आणखी एक टक्का स्थानिक विकासासाठी. म्हणजे जिथे वीज होते तिथे काहीतरी सतत परत यावं हे सरकारलाही मान्य आहे. आमचं धरण त्याच्या कितीतरी आधीचं. आम्हाला ते लागू नाही. कोयनेची एकूण क्षमता आज १,९६० मेगावॅटच्या आसपास आहे. युनिटामागे एक पैसा जरी बुडीत गावांच्या नावाने बाजूला पडला असता तरी कांदाटी खोऱ्यातल्या पोरांना दवाखान्यासाठी लाँचची वाट बघावी लागली नसती.

म्हणून सौर कृषी वाहिनी योजनेची जाहिरात पाहिली तेव्हा मीच चुलतभावाला फोन केला. पंप चालवणारी वाहिनी सौरऊर्जेवर न्यायची, त्यासाठी उपकेंद्राजवळची जमीन भाडेपट्ट्याने घ्यायची, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दर वर्षी तीन टक्के वाढ. शिवाय वीज सूर्य असताना, म्हणजे दिवसा. तात्या असते तर एवढ्यावरच खूश झाले असते. उणीव आहे, ती सांगतो. विदर्भातल्या त्या चिमणीखाली हजारो माणसांना काम होतं. सौर पाट्यांच्या रानात उभारणी संपली की दोन वॉचमन आणि पाट्या धुणारी चार माणसं. टायरवाल्याला त्यात जागा नाही, आणि कोळशाचे जुने संच एकेक करून बंद होतील तेव्हा त्याचं काय करायचं याचा विचार आत्ताच करायला हवा.

तरी चुलतभाऊ तयार झाला. उपकेंद्र त्याच्या रानापासून दोन किलोमीटरवर. रान मुरमाड, म्हणजे पाट्यांना उत्तम. कागद गोळा करायला बसलो तेव्हा कळलं की पुनर्वसनात मिळालेली ती जमीन सातबाऱ्यावर अजून भोगवटादार वर्ग दोन आहे. भाड्याने द्यायची तर आधी परवानगी. परवानगीसाठी मूळ वाटपाचा आदेश हवा, आणि त्या आदेशावर तात्यांच्या नावात वडिलांचं नाव चुकलेलं आहे. दुरुस्तीसाठी बुडालेल्या गावचा जुना उतारा जोडायला सांगितलाय. तो मिळवायला मी दोन वेळा साताऱ्याला जाऊन आलो. पुढची तारीख दिवाळीनंतरची दिली आहे.